बुटक्या गाडीत स्की आणि स्नोबोर्ड: अक्कलकोट रोडवरच्या शेडमधल्या नोंदी

३० नोव्हेंबर २०२४

नितीनदादाने त्याची ऑडी टीटी शेडमध्ये आणून लावली. आमच्याकडे एरवी येणार ते लूमच्या बीमचे स्टँड, छोट्या हत्तीच्या जाळ्या, फार तर ट्रॉलीचं फाळकं. त्यामुळे पोरं हातातलं टाकून गाडीभोवती जमली. "काय बे, स्प्रिंगा बसल्या का हिच्या?" वेल्डरने विचारलं. स्प्रिंगा ठीक आहेत, गाडीच तेवढी बुटकी आहे: उंची १,३५३ मिमी, लांबी ४,१७७ मिमी. दोन दारं, मागे नावापुरत्या दोन सीटा. डिकी ३०५ लिटर आणि मागच्या सीटा पाडल्या की ७१२.

काम असं आहे. दादाची एक जोडी स्की, लांबी १७२ सेमी. वहिनींचा एक स्नोबोर्ड, १४७ सेमी. दोघांचे बूट, हेल्मेट, थंडीचे कपडे. हे सगळं आणि दोन माणसं सोलापूरहून मनालीला न्यायची. दादाचा टॉवेलचा धंदा; जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टाइल प्रदर्शनाला जायचं आणि येताना एखादा डोंगर गाठायचा, असा त्याला स्कीचा नाद लागला. वहिनी मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत स्कीचा बेसिक कोर्स करून आल्या आणि मग स्नोबोर्डकडे वळल्या. तो फ्रँकफर्टहून परतला की जानेवारीअखेर निघणार, तोवर मला वेळ आहे. मधे गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) आहे, त्या दिवसांत शेडमध्ये कोणी फिरकणार नाही, हे आत्ताच धरून चालतो.

बिल निघणार नाही. मावशीने तसं फोनवर आधीच सांगून टाकलंय.

४ डिसेंबर

कुठलंही काम घेतलं की ते न करता भागतं का, हे मी आधी तपासतो. मनालीजवळ सोलंगला स्की भाड्याने मिळतात, बोर्डही मिळतात. मग इतक्या लांबून ओझं का न्यायचं? दादाचं म्हणणं असं की भाड्याच्या स्कीच्या कडेची धार गेलेली असते, आणि कडक बर्फावर वळण घेताना सगळा भार त्या पोलादी कडेवरच येतो. पटलं. वहिनींचं कारण आणखी सरळ. त्या उजवा पाय पुढे ठेवून उभ्या राहतात, बहुतेक लोक डावा ठेवतात. भाड्याच्या बोर्डवर बाइंडिंग (बूट अडकवायची पकड) दर वेळी उलटी लावून घ्यावी लागते आणि कोन कधीच मनासारखे मिळत नाहीत.

माझं मत मी नोंदवून ठेवतो: दोघांनी एकेकच वस्तू घरून न्यायची असेल तर बूट न्यावेत. पायाला न बसणारा बूट कुठल्याही स्कीने सुधारत नाही. पण दादाला सगळंच न्यायचंय, आणि ते स्वतः चालवत. "आपल्या दारातून जाणारा रस्ता तिकडंच जातो की," असं म्हणाला. ते मात्र खरं आहे. राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापुरातून तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत पंजाबात संगरूरला निघतो. पुढे पहाड.

७ डिसेंबर

छताचा विचार आज केला आणि आजच संपवला.

टीटीच्या छताला पन्हळ नाही, रेलिंग नाही. दारांना काचेभोवती चौकटही नाही; हँडल ओढलं की काच आधी थोडी खाली सरकते आणि मग दार सुटतं. बाजारात मिळणाऱ्या कॅरियरचे पाय दाराच्या चौकटीत अडकतात, इथे अडकायला जागाच नाही. दादाने कुठून तरी पंपाचे व्हॅक्यूम कप आणले होते. कप गाडीच्या रंगावर ठेवायचा, बटण दाबून हवा काढायची, वर आडवी दांडी बसवायची.

कपाचं गणित मला आवडलं म्हणून लिहून ठेवतो. व्यास १५ सेमी, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १७७ चौरस सेमी. समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटीमीटरवर एक किलोपेक्षा किंचित जास्त भाराने दाबते. आत पूर्ण निर्वात धरला तर एका कपाची पकड १८० किलोच्या आसपास. कप ओढून धरत नाही, बाहेरची हवा त्याला दाबून ठेवते. म्हणजे हवा विरळ झाली की पकडही उतरणार. मनाली २,००० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास एक पंचमांशाने कमी असतो. शेडमध्ये ओढून बघितलेला कप डोंगरात तेवढाच धरेल असं समजायचं नाही.

तरीही आकडे पुरेसे आहेत. ताशी १०० किमी वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन भरतो. बोर्डाचं क्षेत्रफळ ०.३७ चौरस मीटर. तो पुढून उचकटून पुरता उभा राहिला तरी १७ किलोचा झटका. चार कपांना ते जड नाही. माझा विरोध धुळीला आहे. कपाच्या रबराखाली एक खडा आला की हवा हळूहळू आत शिरते, आणि इथून राजस्थानपर्यंत धुळीला तोटा नाही. दर चहाला उतरून कप तपासत कोण जाणार? शिवाय स्कीच्या बाइंडिंगमध्ये स्प्रिंगा आणि ग्रीस असतं. छतावर उघडी ठेवली की ती धूळ थेट तिथे जाऊन बसते, आणि बाइंडिंगने पडताना पाय सोडायचा असतो. ते अडकलं तर गुडघा जातो.

१० डिसेंबर

मागे लटकवायचा कॅरियरही बाद. या गाडीचा मागचा स्पॉयलर ताशी १२० किमीला आपोआप वर येतो आणि वेग ८० च्या खाली गेला की बसतो. डिकीवरून घेतलेला पट्टा नेमका त्याच्यावरून जातो. दादा म्हणाला, "मी १२० च्या वर नेणारच नाही." मी त्याच्या शेजारी बसून पुण्याला गेलोय.

तिसरा उपाय वेल्डरचा: डिकी अर्धी उघडी ठेवायची, टोकं बाहेर, लाल फडकं बांधायचं, सळया नेतात तसं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे माल गाडीच्या हद्दीबाहेर काढला तर २०,००० रुपये दंड आहे. सळया नेणाऱ्यांचं काय होतं ते सोडा. शिवाय उघड्या डिकीतून धूर आत ओढला जातो, ते वेगळंच.

म्हणजे सगळं आत. छत, दांडी, कप यांच्या भानगडीत न पडता लांब वस्तू बुटक्या गाडीच्या पोटात घालायची आणि घट्ट बांधायची. यापुढे त्याच दिशेने.

१५ डिसेंबर

खरी स्की घालून गाडीचं आतलं अस्तर खरवडण्यात अर्थ नाही. त्याच मापाच्या प्लायच्या पट्ट्या कापल्या: एक १७२ सेमीची, पुढचं टोक वर वळलंय हे दाखवायला तिथे ठोकळा जोडलेला, एक १४७ सेमीची, बोर्डाच्या रुंदीची.

मागच्या दोन्ही सीटा पाडल्या. स्कीची पट्टी डिकीच्या उजव्या कोपऱ्यातून तिरपी घेतली तर पुढचं टोक दोन्ही सीटांच्या मधे येऊन कन्सोलवर टेकतं, आणि डिकी लागते. हँडब्रेकचा दांडा मधे नाही, बटणाचा ब्रेक आहे, हे नशीब. टोक पुढे की शेपूट पुढे? स्कीचं टोक रुंद आणि वळलेलं, शेपूट अरुंद आणि सपाट. दोन सीटांच्या फटीत शेपूटच शोभते. टोकं मागे, डिकीच्या काचेखालच्या उंचीत वर उठलेली. ती जागा नाही तरी वायाच जात होती.

बोर्डाची पट्टी पाडलेल्या सीटांवर आडवी तिरपी बसली, पण फक्त सपाट असताना. बाइंडिंग लावलेला बोर्ड वीतभर उंच होतो आणि मागची काच झाकतो. बाइंडिंग काढावी लागणार. हे वहिनींना सांगायचं काम दादाचं.

स्की शेडच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. शेजारच्या कारखान्यातले एक काका आत डोकावून म्हणाले, "यंदा नंदीध्वज बारके काढलेत की!" गड्ड्याच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या त्यांच्या डोळ्यांपुढे.

२१ डिसेंबर

आज नुसतं गणित, कारण इथे चूक झाली तर अस्तर नाही, माणूस जातो.

स्कीचं वजन बाइंडिंगसकट ६ किलो भरलं. ताशी ५० किमीला गाडी कशावर तरी आदळली आणि अर्ध्या मीटरात थांबली, तर मंदन गुरुत्वाच्या वीसपट येतं. ६ किलोची वस्तू त्या क्षणी १२० किलोच्या भाराने पुढे निघते. आणि पुढे काय आहे? दोघांचे कोपर, मधला स्क्रीन, मग डॅशबोर्ड. पोलादी कडेची, अरुंद शेपटीची वस्तू. म्हणून "घट्ट बसलंय, हलत नाही" हे इथे पुरेसं नाही.

स्कीवर नुसता आडवा पट्टा आवळला तर तो घर्षणावर धरतो, धक्क्यात स्की त्याच्याखालून सुटून जाईल. त्यापेक्षा बाइंडिंगचाच खुंटीसारखा उपयोग करायचा. बाइंडिंगच्या पुढच्या बाजूला (म्हणजे गाडीच्या तोंडाकडे) पट्ट्याचा फास घ्यायचा आणि दोन्ही टोकं मागे ओढून डिकीच्या मजल्यावरच्या मूळच्या कड्यांना बांधायची. स्की पुढे सरकायला गेली की बाइंडिंग फासात अडकतं. सीटच्या बोल्टाला हात लावायचा नाही, कुठेही भोक पाडायचं नाही. सीटबेल्टच्या आसपासचं काहीही आपण सोडवायचं नसतं, माणूस कितीही हुशार असला तरी.

२७ डिसेंबर

पाट बनवायला घेतला. १२ मिमी प्लाय, पाडलेल्या सीटांवर आणि डिकीत मिळून बसेल असा, दोन तुकड्यांत, म्हणजे काढून माळ्यावर ठेवता येईल. खालून फेल्ट, वरून रबर शीट. पट्ट्यांसाठी राउटरने लांबट खाचा काढल्या, कडा गोल केल्या, नाहीतर नायलॉनचा पट्टा तिथेच कातरला जातो. पट्टे २५ मिमीचे. ट्रकवाल्यांचा रॅचेट मी मुद्दाम टाळला. रॅचेटने माणूस आवळतच राहतो. स्की तळाला तळ लावून ठेवल्या की फक्त दोन टोकांजवळ टेकतात, मधे फट राहते. तो बाक कारखान्यातून मुद्दाम दिलेला असतो. रॅचेटने ती फट मिटवून इतका लांबचा प्रवास करायची गरज नाही. आडव्या पट्ट्यांना कॅम बकल, हाताने ओढलं तेवढंच. ते जिथे स्की एकमेकींना टेकतात तिथेच, टोकाजवळ आणि शेपटीजवळ. धक्का झेलायचा तो मागे बांधलेला फास वेगळा.

शेपटीला टोपी हवी. सीटकव्हरवाल्या चाचांनी ताडपत्रीच्या कापडाची, आत फेल्ट लावलेली पिशवी शिवून दिली. त्यांनी तिला नाडीही लावली आहे, का ते माहीत नाही, पण छान दिसते.

१० जानेवारी २०२५

मावशी येऊन गेली. तिचं म्हणणं, सोलापुरी चादर असताना ताडपत्री कशाला? स्की चादरीत गुंडाळा, जाड आहे, खरचटणार नाही. जाताना ठीक आहे. येताना स्की ओल्या असणार आणि चादर पक्की सुती, पाणी धरून बसणारी. तोंडी सांगून तिला पटणार नव्हतं, म्हणून चाचणी लावली. बँडसॉचं जुनं पातं पॉलिश पेपरने चकचकीत केलं आणि त्याचे तुकडे पाडले. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणला, सगळ्या तुकड्यांना तासभर त्यावर ठेवलं. मग एक तुकडा ओलाच चादरीत गुंडाळला, एक ओलाच ताडपत्रीत, एक टेरी टॉवेलने कोरडा पुसून चादरीत.

११ जानेवारी

चादरीतल्या ओल्या तुकड्यावर तांबेरा, चांगला बोटाला लागेल एवढा. ताडपत्रीतल्यावर ठिपके. पुसून ठेवलेला स्वच्छ. म्हणजे कशात गुंडाळलं यापेक्षा पुसलं की नाही याला महत्त्व. दादाच्या कारखान्याचे दोन दुय्यम दर्जाचे टॉवेल पाटाला कायमचे अडकवणार. मावशीला पातं दाखवलं. "मग पुसून घाला की चादरीत," म्हणाली. तेच ठरलं.

उद्यापासून गड्डा. शेड बंद.

१९ जानेवारी

वहिनी बोर्ड घेऊन आल्या. "भाऊजी, बाइंडिंग काढायला हरकत नाही, पण माझे कोन बिघडले तर मी तुम्हाला मनालीहून फोन करीन."

प्रत्येक बाइंडिंगला मधे एक गोल चकती आणि चार स्क्रू, ६ मिमी जाडीचे. डोकं साध्या फिलिप्ससारखं दिसतं पण ते पॉझी आहे, तीन नंबरचं. साध्या स्क्रूड्रायव्हरने फिरवलं की पहिल्यांदा निघतं, आणि हळूहळू खाच गोल होऊन जाते. मनालीत बर्फात उभं राहून गोल झालेला स्क्रू काढायची वेळ नको, म्हणून योग्य टोकाचा छोटा टी-हँडल त्यांच्या पिशवीत टाकला. चकतीवर कोनाचे आकडे असतातच. तरी पांढऱ्या पेंटने चकती, बाइंडिंग आणि बोर्ड यांवर एक सलग रेघ मारली. रेघ जुळली की कोन जुळला. बोर्डावर चार-चार भोकांचे गट आहेत, त्यातला कुठला वापरायचा तेही खुणेने दाखवलं. स्क्रू डबीत, डबी बाइंडिंगलाच बांधलेली. घरी एक जास्तीचा संच असू द्या असं सांगितलं, कारण बर्फात पडलेला स्क्रू वसंतापर्यंत सापडत नाही.

बाइंडिंगशिवाय बोर्ड पाटावर सपाट बसला. मागची काच पूर्ण मोकळी.

२६ जानेवारी

तुळजापूरपर्यंत जाऊन आलो. दादा चालवत होता. घाटातल्या वळणांवर काही सरकलं नाही. जोरात ब्रेक मारायला लावला, फास ताणला गेला, स्की जागेवर. पण आवाज! स्कीला पडल्यावर घसरून जाऊ नये म्हणून दोन काटे असतात, बूट काढला की ते खाली येतात. जोडी तळाला तळ लावून ठेवली की ते एकमेकांत अडकतात आणि प्रत्येक खड्ड्याला टकटक करतात. सायकलच्या ट्यूबची कडी कापून त्यांवर चढवली. येताना शांत.

दर्शन झालं. प्रसाद पाटावर ठेवायचा नाही, पट्ट्यांच्या खाचेतून कुंकू खाली फेल्टमध्ये जातं, असं दादाला सांगावं लागलं.

३० जानेवारी

सामान भरणे. इथेच खरी अडचण निघाली, आणि ती स्कीची नव्हती. लांब वस्तू लांबीला मोठी असते पण जागा फारशी खात नाही, बूट खातात. स्कीचा एक बूट म्हणजे प्लास्टिकची कडक बादली, चेपत नाही. स्नोबोर्डचे बूट मऊ पण फुगीर. वर दोन हेल्मेट.

सीटा पाडल्या तरी पुढच्या सीटांच्या मागे पाय ठेवायचे दोन खड्डे उरतात. चारही बूट तिथे गेले, त्यांच्या पोटात मोजे, हातमोजे, गॉगल. बूट आत उबेत राहतात हा फायदाही आहे. थंडीत गारठलेलं प्लास्टिक घालताना जाम त्रास देतं. दादाची सीट थोडी पुढे घ्यावी लागली. सुटकेस रद्द. सगळे कपडे नाडीच्या मऊ पिशव्यांत, पाटाखालच्या आणि कडेच्या फटींमध्ये कोंबले. सुटकेससाठी वहिनींनी थोडा लढा दिला, पण डिकी लागेना म्हटल्यावर त्यांनी स्वतःच पिशव्या भरल्या, आणि माझ्यापेक्षा चांगल्या भरल्या.

मावशीने शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा डबा दिला. तो हेल्मेटमध्ये बसला.

दादाला सांगितलेल्या गोष्टी: पहिल्या थांब्याला पट्टे पुन्हा ओढायचे, नवे पट्टे सुरुवातीला सैलावतात. ओलं सामान आत असलं की काचा आतून धुरकट होतात, तेव्हा हीटरबरोबर एसीही चालू ठेवायचा, तो हवा कोरडी करतो. टायर उन्हाळी आहेत. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक होतं आणि पकड जाते, चारही चाकांना ताकद असली तरी. बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढे बऱ्याचदा फोर बाय फोर गाड्यांनाच सोडतात. कागदावर ही गाडी त्यात बसेल, पोट मात्र बसणार नाही. तेव्हा गाडी मनालीतच ठेवायची.

६ फेब्रुवारी

दादाचा फोन. स्की, बोर्ड, माणसं सगळं पोचलं, पट्टे एकदाच ओढावे लागले. वहिनींच्या रेघा जुळल्या. सोलंगला टॅक्सीने जातात. टॅक्सीवाल्याने स्की आणि बोर्ड छतावर टाकून सुतळीने बांधले आणि वर एक स्टेपनी ठेवली. "तुझा पाट बघून तो हसला," दादा म्हणाला. हसू दे. बाइंडिंगवर पिशवी चढवूनच छतावर द्या, एवढं सांगितलं.

गाडी परत आल्यावर करायचं: पाटाच्या दोन तुकड्यांचा जोड गरम-थंड होऊन घट्ट झालाय म्हणतो, तो अर्धा मिलिमीटर घासायचा. टॉवेल अडकवायला हुकाऐवजी बटण. चाचांना विचारून त्या नाडीचा काहीतरी उपयोग शोधायचा. पुढच्या वर्षी वहिनींना १५२ सेमीचा बोर्ड घ्यायचाय, तेव्हा १४७ ची प्लायची पट्टी फेकून न देता तिलाच ५ सेमीचा तुकडा जोडून डिकीत घालून बघायची, दुकानात जाण्याआधी.